पुढच्या खोलीचं कुलूप

विजयमाला चौदा वर्षं गावात आशा सेविकेचं काम करत होती. पलूसच्या अलीकडं, कृष्णाकाठी असलेल्या त्या गावात एवढ्या वर्षांत जन्मलेलं जवळपास प्रत्येक बाळ तिनं झोळीत घालून तोललं होतं. बाळंतिणीच्या घरात शिरली की ती आधी बाळाकडं नव्हे, खोलीकडं बघायची. खिडकी उघडायला लावायची, निखाऱ्याची शेगडी बाहेर न्यायला सांगायची, अंथरुणातला उशांचा ढीग स्वतः उचलून बाजूला ठेवायची. "दिवसा बाळ उजेडात पायजे, आईच्या नजरंम्होरं, उताणं," हे ती इतक्या घरांत बोलली होती, की ती दारात दिसली तरी सासवा आपणहून पडदे सारायच्या.

आणि तिच्याच लेकीला, अंकिताला, मुलगी झाली तेव्हा ते बाळ मागच्या अंधाऱ्या खोलीत निजवलं गेलं.

खरं तर घरात जागा होती. पुढची खोली तीन वर्षांपूर्वी बांधलेली. थोरला लेक जयराज फौजेत, त्याच्या पगारातून उभी राहिलेली. पूर्वेला दोन मोठ्या खिडक्या, गुळगुळीत फरशी, नवाकोरा दिवाण, त्यावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा अजून काढलेला नव्हता. जयराज वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा, तेवढे दिवस खोली उघडी. एरवी कुलूप. त्याचं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं होतं. पण नवी सून पाऊल ठेवील तेव्हाच त्या खोलीत संसार लागायचा, असं विजयमालाच्या सासूनं, रंगुबाईनं ठरवून टाकलं होतं. किल्ली म्हातारीच्या चंचीत, पान-सुपारीसोबत.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून अंकिता घरी आली, तर मागच्या खोलीत बाज मांडून तयार. ती खोली म्हणजे कोठार. एका भिंतीला युरियाची पोती, कोपऱ्यात फवारणीची औषधं आणि पंप. एकुलत्या एक खिडकीला वारं लागू नये म्हणून पत्रा ठोकलेला. बाजेखाली शेगडी. वर एक मिणमिणता बल्ब, दिवसाही तोच.

विजयमालानं एकदा विचारलं, पुढची खोली उघडायची का. रंगुबाईनं कारणं सांगितली. बाराव्यापर्यंत सोयर, आणि पुढच्या खोलीला देवघराची भिंत. रस्त्यावरचं येणारं-जाणारं माणूस खिडकीतून बघणार, लेकराला नजर लागणार. नव्या खोलीत बाळंतपणाचा पसारा कशाला. आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज, की लेकीचं लेकरू, सव्वा महिन्यात आपल्या घरला जायचं. नाथाजी जेवत होता. विजयमालाचा नवरा आईच्या शब्दापुढं कधी गेला नव्हता. भाकरी मोडत तो म्हणाला, मागचीच बरी, ऊब राहती.

विजयमाला गप्प बसली. त्या आठवड्यात तिची कुष्ठरोगाच्या तपासणीची मोहीम होती. वाड्यावस्त्या फिरून ती दिवेलागणीला परत यायची, बल्बच्या उजेडात बाळाचं तोंड बघायची, अंकिताला पाजायला लावायची आणि स्वयंपाकाला लागायची. असे दोन दिवस गेले.

पाचव्या दिवशी पाचवीची पूजा होती, म्हणून ती दुपारीच काम आटपून आली. रंगुबाई पाटा-वरवंटा धुऊन हळदीकुंकवाची तयारी करत बसली होती. विजयमाला आत गेली. बाळ निजलेलं. अंकिता म्हणाली, सकाळपासून नीट पीत नाही, नुसती झोपती. विजयमालानं बाळाचा तळवा टिचकीनं हलवला. बाळानं पाय आखडला नाही. तिनं पुन्हा टिचकी मारली. मग तिनं बाळाला उचललं, दुपट्यासकट मागच्या दारानं अंगणात आणलं आणि उन्हाच्या कडेला धरून पाहिलं.

कपाळावर बोट दाबून सोडलं, तर खाली पिवळं. छातीवर पिवळं. पोटावर, मांडीवर, पायाच्या तळव्यावर सुद्धा पिवळं, कोरडी हळद चोळावी तसं.

ही खूण ती चौदा वर्षं दुसऱ्यांना शिकवत होती. बाळ दिवसाच्या उजेडात का ठेवायचं, तर त्याचा रंग दिसावा म्हणून. तिनं आसिफला फोन लावला. आसिफ बागवान शेजारच्या गल्लीतला, प्रवासी भरून वडापची जीप चालवणारा. असशील तसा ये, सांगलीला जायचंय, एवढंच बोलली.

रंगुबाई परसदारी येऊन उभी राहिली. तिच्या हाताला अजून कुंकू होतं.

"विजे, आज पाचवी हाय. लेकरू उंबऱ्याभाईर न्यायचं न्हाई."

"लेकरू पिवळं पडलंय आत्या."

"सगळीच पडत्यात. नाथाची पाठ बी पिवळी हुती. सटवाई यायची वेळ, आन तू लेकरू घिऊन गावभर हिंडनार? पूजा हू दे, मग जावा."

विजयमालानं अंकिताला चपला घालायला सांगितलं, फाइल पिशवीत टाकली आणि म्हातारीच्या अंगावरून घसटून पुढं निघाली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात सासूला तिचा असा धक्का कधी लागला नव्हता. रंगुबाई भिंतीला टेकून राहिली. विजयमालानं मागं वळून बघितलं नाही.

सांगलीत डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि अहवाल यायच्या आधीच बाळाला निळ्या दिव्याखाली घेतलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. तासाभरानं त्या बाहेर आल्या. आणखी एक दिवस गेला असता तर सगळं रक्त बदलायची पाळी आली असती, म्हणाल्या. कावीळ डोक्यापर्यंत गेली असती तर जन्माचं नुकसान. आता धोका टळेल असं दिसतंय. मग त्यांची नजर विजयमालाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. "तुम्ही आशाताई ना?" एवढंच त्यांनी विचारलं. विजयमालानं मान हलवली आणि ओळखपत्र पदराखाली घेतलं.

त्या रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी तिचा राग धुमसत राहिला. म्हातारीवर, नवऱ्यावर, पोत्यांवर, पत्रा ठोकणाऱ्या गड्यावर. सकाळी डबा घेऊन नाथाजी आला, तेव्हा तिनं डबा घेतला आणि पाठ फिरवली. तो बाकाच्या टोकाला बसला, बाळाला काचेतून बघून आला, डोळे पुसले आणि दुपारी निघून गेला. मग सगळा राग लेकीवर आला.

"तू बीएस्सी झालीस," ती अंकिताला म्हणाली. "दोन दिवस लेकरू हातात हुतं. अंधारात पडून ऱ्हायलीस. एकदा तोंड उघडून म्हनली न्हाईस, मला हितं ठिवू नका म्हनून."

अंकिता दूध काढत बसली होती. वाटी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही.

"कुणाकडनं शिकायचं व्हतं आई? तू गावभर सांगतीस. घरात कवा बोललीस? जयराजला पुण्याला भरतीच्या अकादमीत घातलं आन मला म्हनलं हितंच कालेजात जा, तवा तू भाकऱ्या थापत हुतीस. परवा आज्जी म्हनली लेकीचं लेकरू, तवाबी तितंच हुतीस. मला वाटलं, तुलाच चालतंय तर मी कोन बोलनार."

विजयमालाला तो भाकऱ्या थापायचा दिवस आठवला. परातीतलं पीठसुद्धा आठवलं. त्या दिवशी ती मनातल्या मनात काय बोलली होती तेही आठवलं, आणि ते कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. तिनं वाटी उचलली, चमचा धुतला आणि दूध बाळाकडं नेलं.

नवव्या दिवशी बाळाला घरी सोडलं. आता बाळ ओरडून ओरडून दूध मागत होतं, आणि तो आवाज आसिफला जीपमध्ये गाण्यापेक्षा गोड वाटत होता, असं तो म्हणाला. घरापुढं जीप थांबली. विजयमालानं अंकिताला खाली उतरू दिलं नाही.

ती आत गेली आणि रंगुबाईसमोर हात पुढं केला. "किल्ली द्या आत्या."

म्हातारीनं चंची मांडीखाली घेतली. दवाखान्यातनं बरं होऊन आलं ना लेकरू, मग झालं. शेगडी ठेवत नाही, खिडकीचा पत्राही काढा, पण पुढची खोली नाही. बाराव्याला तीन दिवस राहिलेत. नाथाजी मधे पडला. म्हणाला, जयराजला एक फोन करून विचारू, त्याची खोली, तो नाही म्हणायचा नाही.

खरं तर त्यानं चांगल्या मनानं सांगितलं होतं. पण त्याच वाक्यानं विजयमालाचा तोल सुटला.

"त्याला इचारायचं न्हाई," ती म्हणाली. "त्याला कशापायी इचारायचं? त्या खोलीच्या भिंतीला पानी मी मारलंय, दोन महिनं, घागरीनं. तवा कुणी म्हनलं न्हाई, जयराजला इचारून मार."

गोठ्याच्या कडेला खड्डे पाडायची पहार टेकवलेली होती. तिनं ती आणली. कुलपाच्या कोयंड्यात टोक घालून तिनं अंगाचा भार टाकला. पहिल्यांदा पहार निसटली आणि तिचं कोपर दाराला आपटलं. दुसऱ्यांदा लाकडाचा टवका उडाला. रंगुबाई अंगणात येऊन बसली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं देवाचं नाव घेऊ लागली. कुंपणापलीकडं दोन-तीन बायका जमल्या. त्यांतल्या एकीच्या घरी गेल्याच महिन्यात विजयमालानं शेगडी बाहेर काढायला लावली होती. नाथाजी दोन पावलं पुढं आला, पहारीला हात लावायला की तिला थांबवायला ते त्यालाही कळलं नसावं. तिनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो जागच्या जागी राहिला. तिसऱ्या जोराला कोयंडा उखडला.

तिनं खिडक्या उघडल्या. दिवाणावरचा प्लॅस्टिकचा कागद टराटरा फाडून काढला. दिवाणाच्या शेजारी, ऊन थेट अंगावर येणार नाही आणि उजेड मात्र भरपूर राहील अशा बेतानं खाली चटई, चटईवर कडक सतरंजी, तिच्यावर धुतलेलं लुगडं. मग जीपपाशी जाऊन बाळ घेतलं आणि तिथं उताणं ठेवलं. बाळाचा रंग आता स्वच्छ गुलाबी दिसत होता. विजयमाला शेजारी बसली आणि तिथंच तिला रडू फुटलं. तरी राग उतरला नाही.

संध्याकाळी जयराजचा फोन आला. वडिलांनी सांगितलं होतं. भाचीची तब्येत विचारली, मग म्हणाला, आये, कुलूप तोडायचं काय कारण होतं, मला सांगितलं असतंस तर मी आज्जीला समजावलं असतं, गावात काय तोंड दाखवायचं.

"तू समजावशील तवर तुजी भाची मागच्याच खोलीत पडली असती," विजयमाला म्हणाली. "आन तुज्या समजावन्यानं दार उघडलं असतं, तर पुन्हा तुजंच दार झालं असतं."

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर वीस दिवस आईला फोन नव्हता, बापाला करायचा. विजयमालाला ते लागलं, पण तिनं आपणहून फोन केला नाही.

रंगुबाईनं सुनेच्या हातचं जेवण सोडलं. मागच्या परसात स्टोव्ह मांडला. बाराव्याला पाळण्यात घातलं तेव्हा म्हातारी आली, बाळाच्या कानात नाव सांगून लगेच बाहेर गेली. देवघराची भिंत तिनं पुन्हा गोमूत्र शिंपडून घेतली. एका सकाळी विजयमाला उठली तर नाथाजी एकटाच फवारणीचे डबे आणि पोती बैलगाडीत भरत होता, रानातल्या शेडात न्यायला. खिडकीचा पत्राही त्यानं उचकटला होता. तिनं बघितलं, चहा दिला, पण बरं केलंत असं म्हणवेना. ते डबे पंधरा वर्षं तिथं होते, तिच्याही डोळ्यांसमोर.

सव्वा महिना भरत आला. अंकिताचं सासर विट्याला. नवरा मदुराईला सोनं गाळायच्या दुकानात, घरी सासू-सासरे. एका दुपारी सासूचा फोन आला. मधल्या खोलीत सगळी तयारी केलीय म्हणाल्या, कपाटाआड बाज टाकलीय, कुणाची नजर पडायची नाही. विजयमाला दुपटी घडी करत होती. तिचे हात थांबले. लेकीकडनं फोन घ्यावा, स्वतः बोलावं, असं तिच्या मनात आलं, आणि ती बसून राहिली.

"आत्या, मधल्या खोलीत खिडकी न्हाई," अंकिता म्हणाली. "दिवसा पुढच्या सोप्यात झोपवीन, टीव्ही हाय तिथं."

पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. येणारं-जाणारं, सासऱ्यांच्या बातम्या, पाहुणे. अंकितानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच हळू. आणि शेवटी म्हणाली, "मग मी चार दिवस उशिरा येते. जागा झाली की सांगा."

फोन ठेवून अंकिता आईशेजारी येऊन बसली. दोघी मिळून दुपट्यांच्या घड्या घालत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी विट्याहून सासऱ्यांचा फोन आला. टीव्ही हलवलाय म्हणाले, या आता.