चौथ्या लेनचं माप

शाळेच्या फाटकावर फलक लागला होता : ‘करून बघा, शिकून घ्या’. शिट्टीसरांनी तो वाचला आणि नाक मुरडलं. इथं करणाऱ्या होत्या आया आणि बघणारे होते पाहुणे. वर्गावर्गांत मांडलेली मातीची घरं, पुठ्ठ्याचे पूल, कागदाची फुलं, सगळं आयांनी रात्री जागून केलेलं. खिडकीतली रोपं तर थेट रोपवाटिकेतून आली होती. मुलांनी पेल्यांत पेरलेलं बी मोठ्या बाईंनी उगवायच्या आधीच फेकून दिलं, कारण पेले एका उंचीचे नव्हते. नाव मोठं, लक्षण खोटं.

शिट्टीसर म्हणजे खेळाचे शिक्षक. नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, आणि पुढच्या वर्षाच्या कागदावर मुख्याध्यापिकेची, म्हणजे याच मोठ्या बाईंची, शिफारस अजून व्हायची होती. तरी सरांचं नाक वरच. ‘अख्ख्या शाळेत हाताने काही शिकवतो तो मी एकटा,’ असं ते चहा पिता पिता ऐकवत. खोटंही नव्हतं ते. तिसरीच्या मुलांना त्यांनी टेप देऊन मैदान मोजायला शिकवलं होतं. शून्य कुठं धरायचा, टेप ताठ का ठेवायची, मोजून झाल्यावर पुसून कशी गुंडाळायची. त्यांतल्या एका चष्मेवाल्या पोरीला इतकी गोडी लागली, की ती घरातले दरवाजे, आजीचा पलंग आणि धाकट्या भावाचं कपाळसुद्धा मोजत सुटली. वर्ग तिला मापाडीण म्हणायचा.

क्रीडादिनाच्या सकाळी सर चुन्याच्या रेघा मारत होते, तेवढ्यात मोठ्या बाई आल्या.

“संस्थेच्या अध्यक्षांचा नातू चौथ्या लेनमध्ये आहे ना? त्याची सुरुवातीची रेघ जरा पुढे घ्या.”

“पुढे?”

“मोठ्या स्पर्धांमध्ये नाही का, सगळे मागेपुढे उभे असतात?”

“बाई, ते वळणावर. आपली शर्यत सरळ आहे.”

“पालकांना काय कळतंय वळण नि सरळ! आणि हो, तुमचा कागद आज अध्यक्षांपुढे ठेवणार आहे मी.”

सर मनात म्हणाले, ही बाई उद्या पोहण्याच्या शर्यतीत पाणीसुद्धा उतरतं करायला सांगेल. अडाणी ती अडाणी, वर निर्लज्ज. असं सगळं मनसोक्त म्हणून झाल्यावर त्यांनी चुन्याचा डबा उचलला आणि चौथ्या लेनची रेघ अडीच मीटर पुढे मारली. रेघ मात्र सुरेख आली.

एक गोष्ट बाईंच्या ध्यानात राहिली नाही, आणि सरांच्याही. कार्यक्रमपत्रिकेत शर्यतीच्या आधी बाईंनीच हौसेने छापलं होतं : ‘विद्यार्थी स्वतः मैदान मोजतील’.

मापाडीण एका टोकाला, तिचा जोडीदार दुसऱ्या. तिच्या हातात माईक.

“पहिली लेन, पन्नास मीटर!” टाळ्या. दुसरी पन्नास, तिसरी पन्नास. टाळ्या, टाळ्या.

“चौथी लेन...” पोर थांबली. वाकली, चष्मा वर सरकवला. “साडेसत्तेचाळीस.”

मांडवात हशा पिकला. “लहान आहे, चुकायचंच!” मोठ्या बाई गोड हसत म्हणाल्या. पोरीचे डोळे भरून आले. तिने पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं. मग तिने सरांकडे बघितलं.

“सर, माझं चुकलं का?”

अध्यक्ष बघत होते, बाई बघत होत्या. सरांना फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. ती घशाशी आलीसुद्धा होती.

“चुकलं, बाळा,” सर म्हणाले. “टेप ढिली धरलीस तू.”

पोरीने टेपकडे पाहिलं. रडणं थांबलं, कपाळाला आठी पडली.

“पण सर, टेप ढिली धरली की माप जास्त भरतं. कमी कसं येईल? तुम्हीच तर शिकवलं होतं.”

माईक चालूच होता.

मांडवात कुणाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. बाईंनी माईक काढून घेतला, टाळ्या वाजवायला लावल्या, शर्यत उरकली. नातू पहिला आला. तोही धापा टाकत, जेमतेम एका पावलाने. अध्यक्ष खूश झाले आणि त्यांनी तिथल्या तिथं, बक्षिसांच्या टेबलावरच सरांच्या कागदावर सही ठोकली.

सर कागदाची घडी घालत होते, तेव्हा मापाडीण आली. टेपवरचा चुना तिने पुसून काढला होता, गुंडाळीही शिकवल्यासारखी घट्ट होती. सरांनी हात पुढे केला. तिने टेप टेबलावर ठेवली आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

ती नजर सरांच्या चांगलीच ओळखीची होती. वर्षभर ते मोठ्या बाईंकडे तसंच बघत आले होते. पण बाईंची पाठ फिरल्यावर. ही पोर तोंडासमोर उभी राहून बघत होती.