मोडलेलं टूल

मनस्वीच्या टूलचा खिळा तिसऱ्या प्लेटमध्ये मोडला, तेव्हा ती वर्कशॉपमध्येच स्टुलावर बसली आणि रडू आवरेना तिला.

नवीन पनवेलच्या कॉलेजात ती एम.टेक. करत होती. मॅग्नेशियमचा मिश्रधातू अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलका, पण वरून मऊ, लगेच झिजतो. त्याच्या पृष्ठभागात सिरॅमिकची बारीक पूड मिसळून तो कणखर करायचा, हा तिचा प्रकल्प. प्लेटमध्ये एक खाच पाडायची, तीत पूड भरायची आणि फिरतं टूल वरून दाबत न्यायचं. घर्षणाने धातू वितळत नाही, नुसता मऊ होतो आणि टूलचा खिळा त्यात पूड घुसळतो. पण मनस्वीची पूड घुसळण्याआधीच बाहेर उडायची.

हे टूल फिरवणारं मिलिंग मशीन चालवायचे बुधाजी भोपी, जवळच्या विचुंबे गावचे. सव्वीस वर्षं ते याच मशीनवर होते. त्यांनी मोडलेलं टूल उचलून उजेडात धरलं.

"रडतेस कशाला? दुसरा टूल हाय ना?"

"एकच उरलंय, काका. पूड राहतच नाही आत. तेही वाया जाईल."

"टूल टेकला की लगेच उडतेय ती. मी तिन्ही वेळा बगितलं." बुधाजींनी मोडक्या टूलवर अंगठा फिरवला. "खाचेचं तोंड आदी बंद केलं तर? याला खिळा नाय आता. घासून सपाट करतो. हा नुसता वरून फिरवू, मग तुजा खिळेवाला."

मनस्वी डोळे पुसत उठली. "काका, हे मला का नाही सुचलं?"

"तू पुडीकडं बगत होतीस. मी टूलकडं."

ग्राइंडरवर टूल सपाट झालं. मॅग्नेशियमचा भुगा पेटू शकतो म्हणून कोरड्या वाळूची बादली जवळ ओढली आणि मशीन सुरू झालं. सपाट टूल फिरलं, खाचेचं तोंड मिटलं. मग खिळ्याचं टूल तीनदा फिरलं. पूड जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी कडकपणा मोजला. मूळ धातूचा आकडा अठ्ठावन्न होता. यंत्राने सत्त्याण्णव दाखवला. मनस्वीने पाच जागी मोजून पाहिलं, मग धावत वर्कशॉप गाठलं.

"बरा हाय का?" बुधाजींनी विचारलं.

"बरा? दीडपटीहून जास्त, काका!" तिने त्यांचे तेलकट हात धरून त्यांना जवळजवळ नाचवलंच.

मार्गदर्शक नीता मॅडमनी सगळं ऐकून शोधनिबंधावर दुसरं नाव बुधाजींचं घालायला सांगितलं.

"मी फक्त टूल घासला," बुधाजी संकोचले.

"प्रयोग अडला होता, तो तुम्ही सोडवलात," मॅडम म्हणाल्या.

बुधाजी बाहेर जाऊन बायकोला फोन लावून मोठ्यांदा बोलू लागले. "जने, माजं नाव पेपरात येनार... नाय गं, बातमी नाय! येगला पेपर असतो तो. थांब, मनस्वीला देतो, तीच सांगंल तुला."