श्रीपादच्या गाडीची बॅटरी

"ही नको," पद्मजा म्हणाली आणि समोरची बॅटरी तिनं दोन्ही हातांनी मागं सारली.

चिंचवड स्टेशनजवळच्या त्या दुकानात चिमाजीनं नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण मोटारसायकलची बॅटरी पारखायला आलेली बाई तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होता. त्यानं तिच्या मागं उभ्या असलेल्या नवऱ्याकडे, अनंताकडे पाहिलं. अनंता रस्त्यावरच्या टांग्याकडे पाहत होता.

"ताई, हिच्यात वंगाळ काय हाय?"

"तुम्हीच म्हणालात ना, जुन्या पेटीत नव्या प्लेटी घातल्यात म्हणून? जुन्या पातेल्याला कल्हई केली म्हणून ते नवं होतं का?"

"अगं, घेऊन टाकू हीच," अनंता घाईघाईनं म्हणाला. "चालेल काही महिने."

काही महिने! म्हणजे पुन्हा बंद, पुन्हा धावाधाव. हेच तर हवंय स्वारीला, पद्मजाच्या मनात आलं. एकतर तिला बरोबर आणायलाच तो तयार नव्हता. 'तुला काय कळतं त्यातलं' इथपासून 'ऊन फार आहे' इथपर्यंत सगळं म्हणून झालं होतं. आणि दुकानात पाऊल टाकल्यापासून गड्याला घाम फुटलेला.

"सगळ्यात भरवशाची कुठली ती दाखवा," ती म्हणाली. "एकदा बसवली की वर्षभर कुणाला हात लावावा लागता कामा नये."

आता पद्मजाला बॅटरीचा एवढा पुळका का, ते सांगायला हवं. मोटारसायकल तिची नव्हती, तिच्या नवऱ्याचीही नव्हती. लग्नाआधी लावलेला स्कूटरचा नंबर अजून लागायचा होता आणि तोवर मुलगी शाळेत जायला लागली होती. अनंता आपला डबा घेऊन कंपनीच्या बसनं जायचा. मोटारसायकल होती श्रीपादची. एकाच टूलरूममधले दोघे, प्राधिकरणात समोरासमोरच्या बिल्डिंगमध्ये राहायला. दिवाळीनंतर श्रीपाद कुवेतला गेला आणि जाताना किल्ली अनंताच्या हातात देऊन म्हणाला, "दर रविवारी एकदा सुरू करत जा रे. नाहीतर सडेल बिचारी."

गाडी सुमेधाच्या दारात. सुमेधा श्रीपादची बायको. शेलाटी, हसरी, तळमजल्यावर एकटी. कुवेतहून आलेल्या गुळगुळीत साड्या नेसून ही बाई अंगणात रांगोळीसुद्धा काढायची.

आणि एरवी हाका मारून मारून घसा बसला तरी न उठणारा अनंता रविवारी पहाटे दाढी करून तयार! इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, वर शीळ. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणालासुद्धा हा माणूस इतका नटला नव्हता. तासा-दीड तासानं परतायचा तेव्हा तोंडावर असं तेज, की पद्मजाला ते पुसून काढावंसं वाटायचं. पोहे गार झालेले असायचे. तेही निमूट खायचा, मीठ कमी आहे असंही म्हणायचा नाही. हे तर फारच वाईट लक्षण.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची, दार दिसायचं नाही. गाडीचा आवाज यायचा, लांब जायचा, बऱ्याच वेळानं परत यायचा. "चक्कर मारल्याशिवाय बॅटरी चार्ज होत नाही," अनंता सांगायचा. मागच्या सीटवर कोण असतं, ते कोण सांगणार? पद्मजा जळत होती. सरळ मत्सर होता तो, त्याला दुसरं गोंडस नाव कशाला द्यायचं? पोळी लाटताना जळायची, मुलीच्या वेण्या घालताना जळायची, आणि त्या वेण्या इतक्या करकचून बांधल्या जायच्या की पोरगी रडायची.

त्यात बॅटरी म्हातारी झाली. मग बुधवारीही "बघून येतो", शुक्रवारीही "जरा बघून येतो". सुमेधानं हात जोडले, "भावजी, तुम्हीच एखादी चांगली आणा." तेव्हा पद्मजानं मनाशी हिशेब मांडला. बॅटरी बिघडली की नवरा जातो. बिघडणारच नाही अशी आणली की कशाला जाईल?

चिमाजीनं आतून दुसरी बॅटरी आणली. पेटी नवी, झाकणं घट्ट, वर कंपनीची हमी. पद्मजानं ती उलटसुलट करून पाहिली.

"हिला घाई करायची न्हाई," चिमाजी म्हणाला. "ॲसिड घालून पैलं चार्जिंग सावकाश व्हऊ द्यायचं. बाळंतिणीवानी. घाईनं बसवली तर जल्माची कमजोर ऱ्हाती."

"होऊ दे सावकाश. मग वर्षभर बघायला नको ना?"

"असं कसं ताई? बॅटरी कितीबी चांगली असू द्या, आठवड्यातून एकदा गाडी सुरू करायलाच लागती. नुसती हुबी ठिवली तर बसलीच म्हनून समजा."

पद्मजाचा चेहरा उतरला. अनंताचा उजळला. तो उजळलेला तिनं पाहिला आणि तिचं टाळकंच सरकलं.

"कुणीही सुरू केली तरी चालतं ना?"

"बॅटरीला काय कळतंय, कोन किक मारतंय ते!"

"मग मी करीन."

अनंता हसला. तिच्याकडे पाहून मग थांबला. "अगं, किक उलटी बसली तर पाय मोडेल."

"सासवडला आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून मीच सुरू करायची. दादाला जमत नव्हतं."

अनंता पुन्हा टांग्याकडे पाहू लागला.

पुढच्या रविवारी पद्मजा पदर खोचून सुमेधाच्या दारात उभी राहिली. अनंतानं किल्ली देताना गाडीच्या इतक्या सूचना दिल्या, की मुलीला शाळेत घालतानासुद्धा दिल्या नसतील. तिनं त्या या कानानं ऐकून त्या कानानं सोडल्या. दुसऱ्याच किकला गाडी धडधडली. सुमेधानं टाळ्या वाजवल्या.

"वहिनी, कमाल केलीत हो! आत या ना, चहा घेऊ. भावजी तर कधी उंबरा ओलांडायचे नाहीत. चहासुद्धा बाहेरच, गाडीपाशी उभं राहून. मी बोलत बसले तर म्हणायचे, 'वहिनी, जरा ते फडकं द्या.'"

एवढा साळसूदपणा कशाला, पद्मजाला वाटलं. चहा मात्र तिनं घेतला. चांगला होता, हेही तिला आवडलं नाही.

रविवार आता तिचे झाले. अनंता घरी. बनियनवर, दाढी वाढलेली, पेपर उघडून बसलेला. पोहे गरम, समोर माणूस. जिंकले मी, असं पद्मजा रोज स्वतःला सांगत होती. त्याला मीठ कमी लागायला लागलं, तेव्हा तर तिला बरंच वाटलं.

एकदा भाजी घेऊन परतताना चिमाजीनं तिला दुकानातून हाक मारली.

"ताई, बॅटरी कशी हाय?"

"उत्तम."

"मग सायेब कुटं दिसत न्हाईत? गाडी इकली का काय?"

"कुणाची गाडी?"

"सायबांची. लाल गाडी हो, तुमचीच. दर ऐतवारी हितं यायचे. ह्या पिपळाखाली लावायचे, सीटवर हात ठिवून चा प्यायचे. येनाजानारा इचारायचा, 'नवी घेतली का सायेब?' तर म्हनायचे, 'व्हय, आपलीच.'" चिमाजी हसला. "मग निगडीच्या बाजूला एक चक्कर, आन् परत हितंच. गाडीवर असा बसायचा मानूस, जनू नवरदेव."

"एकटेच असायचे?"

"मग? मागं कुनाला बसू देतोय व्हय तो! हात लावलेलाबी खपायचा न्हाई."

पद्मजाचा जीव भांड्यात पडला. रस्ता ओलांडेपर्यंत ती नुसती हलकी हलकी झाली होती. पलीकडे पोचली आणि तिला एकदम रडू यायला लागलं. भर रस्त्यात, हातात मेथीची जुडी धरून. बाई असती तर भांडता आलं असतं, झिंज्या उपटता आल्या असत्या. आठवड्यातून तासभर एक माणूस गाडीवाला होत होता, आणि तो तास तिनं पदर खोचून हिसकावून घेतला होता. घरी तिनं यातलं अक्षर काढलं नाही. 'आपलीच' म्हणालेला तो शब्द त्याच्या तोंडावर कसा टाकायचा?

रविवारी तिनं अनंताचा पांढरा शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवला. त्यावर किल्ली ठेवली.

"माझा गुडघा धरलाय," ती म्हणाली. "आज तुम्ही जा. चांगली लांब चक्कर मारून या. पोह्यांचं मी बघते."

अनंतानं पेपर खाली केला. शर्टाकडे बराच वेळ पाहिलं. हात थोडा पुढं आला होता, निदान तिला तसं वाटलं.

"नको गं," तो म्हणाला. "सवय मोडलीय आता. गणपतीला श्रीपाद येतोय, त्याची गाडी तो बघेल. पुन्हा कशाला सवय लावून घ्यायची?"

"अहो, पण गुडघा..."

"मग राहू दे आजच्या दिवस."

त्यानं पान उलटलं. पद्मजानं किल्ली उचलली आणि जिना उतरली. गुडघा दुखतोय हे ती पार विसरली होती. सुमेधाच्या दारातली गाडी धुळीनं माखली होती. हल्ली तिला कुणी पुसत नव्हतं. आज सुरू होऊ नको बाई, तिनं मनातल्या मनात गाडीला विनवलं. नाही झालीस तर हाक मारता येईल, अहो, जरा खाली या, तुमच्याशिवाय हिचं काही चालत नाही.

दोन पावलं मागं सरकून तिनं आपल्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. मग तिनं पाय उगीच टेकवल्यासारखा किकवर टाकला.

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.