तलवारमाशाचं सैन्य

मेसिनाच्या कोळीवाड्यात, चर्चच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर लेत्तेरिओ मासेवाल्याचं रक्त वळवळत होतं आणि प्रोफेसर गास्पारे काठी नाचवत होते. हे प्रोफेसर मजकूर पूर्वी चष्मे विकायचे.

"आधी पाहिलंत ना? सैनिक एकमेकांना चिकटून घोरत पडले होते. जिभेखाली माझे थेंब गेले आणि बघा, सगळे परेडला! आणि हा रिपोर्ट. पांढऱ्या पेशी चाळीस हजारांवरून एक लाख दहा हजार! काय, कातेनाबाई?"

लेत्तेरिओची बायको कातेना डोळे पुसत उठली. "केमो बंद केली तेच बरं झालं, प्रोफेसर!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. लेत्तेरिओला रक्ताचा कर्करोग होता. वाढत होता तो रोग, आणि अख्खा कोळीवाडा त्याच्या मरणाला टाळ्या देत होता. मी इस्पितळात रक्त तपासणारी डॉक्टर. माझं डोकंच फिरलं.

पण पुढे गेले ती हसत. "प्रोफेसर, माझंही सैन्य बघा की. तुमच्या सुईची भीती वाटते, म्हणून रक्त बाटलीतून आणलंय."

पडद्यावर लांबट पेशी आल्या. प्रत्येकीच्या मधोमध एक ठिपका.

"अरेरे!" गास्पारे हळहळले. "डॉक्टरीणबाई, हे मत्सराचे डाग! तुमचे सैनिक जळफळून अर्धमेले झालेत. थेंब घ्यावेच लागतील."

"मला कशाला? त्यालाच पाजा. सकाळी बाजारात फळीवर पडला होता. तलवारमासा आहे तो."

दालन खो खो हसलं. सगळ्यांत मोठ्याने लेत्तेरिओ हसला, आणि हिरड्यांतून रक्त येऊन त्याचा रुमाल भरला.

"ते ठिपके म्हणजे केंद्रक," मी म्हणाले. "माशाच्या तांबड्या पेशीत असतं, आपल्या पेशीत नसतं. आणि हे ज्यांना सैनिक म्हणतात ना, त्या तांबड्या पेशीच. त्या प्राणवायू वाहतात, लढत नाहीत. रक्ताचा पहिला थेंब यांनी सुकू दिला म्हणून पेशी चिकटल्या. दुसऱ्यात मिठाचं पाणी घातलं म्हणून पोहल्या. लढतात त्या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिल आधी धावतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. जखमेतला पू म्हणजे बहुतेक त्यांचीच प्रेतं. मॅक्रोफेज ती घाण खाऊन टाकतात. बी पेशी प्रतिपिंडं बनवतात. टी पेशी रोग शिरलेली आपलीच पेशी ओळखून मारतात. लेत्तेरिओच्या अंगात वाढल्यात त्या यांतल्या कुणीच नाहीत. अर्धकच्च्या, निकामी पेशी आहेत त्या. लढणाऱ्यांना त्यांनी जागाच ठेवलेली नाही."

गास्पारे घाईघाईने सामान पेटीत कोंबू लागले. मला वाटलं, कातेना त्यांच्या झिंज्या उपटणार. तिने त्यांची बाही धरली.

"प्रोफेसर, थेंबांची बाटली तेवढी ठेवून जा."

"अगं, ऐकलंस ना सगळं?" मी ओरडलेच.

"ऐकलं, बाई. पण हे थेंब खोटे असतील, तर केमो बंद करून त्याला मीच मारलं ना!"

लेत्तेरिओ दुसऱ्या दिवशी वॉर्डात दाखल झाला. न्यूमोनियाने गाठलं होतं आणि अंगात लढायला कुणी उरलं नव्हतं. आठवडाही निघाला नाही. कातेना आता कुणाशीच बोलत नाही. गास्पारे आता शेजारच्या मिलात्झो गावात असतात, तिथेही दालन भरतं म्हणे.

लेत्तेरिओचा रोग बरा होण्यातला होता. एवढ्या माणसांतून एकानेही विचारलं नाही, "आकडा वाढला, तो चांगलाच कशावरून?" हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. टाळी वाजवण्याआधी तोंड उघडून विचारा. तेवढं कुणी केलं असतं, तर तो आज बाजारात मासे कापत असता.