आत दुमडलेली तार

प्रांजलीने पक्कडीने गाडीच्या इंजिनावरची नळी ओढली, तसा आतून एक बोल्ट सुटून तळहातावर पडला.

त्या जागी बोल्ट असायचं काही कारण नव्हतं. नळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती, पट्टीवर तांब्याच्या तारेचे तीन वेढे, आणि तारेचं टोक आत दुमडलेलं. पुढे कुणी हात घालील त्याला ते लागू नये म्हणून. अख्ख्या बदनापुरात टोक असं दुमडणारा एकच मेस्त्री होता. तो या घडीला गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसून तिच्याकडे पाहत होता. सांडू मेस्त्री, तिचे वडील. गेल्या दिवाळीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडून असायचा.

तिने बोल्ट खिशात टाकला.

"तुझा बाप दहा मिनटात सांगायचा," बाकावरून कापडवाले मूलचंद शेठ म्हणाले. "तू आयटीआय शिकली, तुला दोन दिवस लागून राह्यले."

"सांगते, काका."

शेठ हसले नाहीत, रागावलेही नव्हते. कापड दाखवताना पन्हा सांगावा तसा त्यांचा आवाज सपाट होता. तीन महिन्यांपासून तो तसाच होता.

तीन महिन्यांपूर्वी भल्या सकाळी त्यांच्या बायकोच्या, बसंतीबाईंच्या छातीत दुखायला लागलं. शेठ त्यांना याच गाडीत घालून जालन्याला निघाले. अर्ध्या वाटेत तेलाचा लाल दिवा लागला आणि गाडी थांबवावी लागली. दुसरी गाडी मिळेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नुसती नाडी पाहिली. त्यानंतर गाडी दुकानामागच्या शेडमध्ये उभी होती. परवा शेठनी ती दुसऱ्या गाडीला टोचन लावून इथे आणली.

"अमन म्हणतो, विकून टाका," शेठ म्हणाले. अमन म्हणजे त्यांचा पुण्यातला मुलगा. "विकीन. पण आधी मला कळू दे, ती थांबली कशानं."

"इंजिनचं सील फुटलं. सगळं तेल रस्त्यावर गेलं."

"ते मी पण पाहिलं. सील कशानं फुटलं?"

प्रांजली चिंधीने बोटं पुसू लागली. एकेक बोट, नखांच्या कडांसकट.

"दर रविवारी मी तेल पाहतो," शेठ म्हणाले. "वीस वर्षं झाली. त्या रविवारी बसंतीची बहीण आल्ती, राहून गेलं. तेच ना? तेच असंल."

तिने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. शेठच्या मनात ते तीन महिन्यांपासून पक्कं होतं. त्यांना फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. दारात खुर्ची करकरली.

तिने इंजिनच्या झाकणावरचा अंगठ्याएवढा वॉल्व्ह उपटून काढला आणि शेठच्या कानाशी नेऊन हलवला.

"काही ऐकू येतं?"

"न्हाई."

मग खोक्यातला नवा वॉल्व्ह हलवला. तो खुळखुळला.

"इंजिन चालतं तेव्हा पिस्टनच्या बाजूनं थोडा धूर खाली तेलाच्या जागेत उतरतो. नवी गाडी असो की जुनी, उतरतोच. तो या वॉल्व्हमधून, या नळीनं परत इंजिनात जाऊन जळतो. जुना जाम झालेला आहे. एअर फिल्टरकडची दुसरी नळी पण तेलाच्या राबडीनं तुंबली. मंग धूर आतच कोंडला. जोर वाढत गेला आणि जिथं कच्चं होतं तिथून फोडून निघाला."

"म्हणजे मी तेल पाहिलं न्हाई म्हणून न्हाई?"

"न्हाई. रविवारी पाहिलं असतं तरी तेल बराबरच दिसलं असतं. सील त्या सकाळी फुटलं."

शेठनी मान हलवली. तेवढ्यावर थांबता आलं असतं. प्रांजलीने खिशात हात घातला आणि बोल्ट त्यांच्या शेजारी बाकावर ठेवला, त्याच्याजवळ ती नळी. दाराकडे तिने पाहिलं नाही.

"आणि वॉल्व्ह चांगला असता तरी धूर गेला नसता. नळीत हा बसवलेला होता."

शेठनी नळी उचलली. तारेवरून बोट फिरवलं. आत वळलेल्या टोकापाशी ते थांबलं.

"हे मीच करायला लावलं," ते म्हणाले. "गाडीत तेलाचा वास यायचा. बसंतीला मळमळायचं, पदर नाकाला लावून बसायची. मी म्हणलो, सांडू, हा वास बंद कर."

"वास बंद कर म्हणले तुम्ही." दारातून आवाज आला. झटक्यानंतर सांडू मेस्त्रीचे शब्द एकेक करून, उशिरा निघत. "नळी बंद कर म्हणले न्हाईत."

रस्त्यावरून अंबडची एसटी गेली, तिचा धुरळा आतपर्यंत आला.

"नळीला चीर गेल्ती, शेटजी. नवी जालन्याहून आणायची होती. तवर म्हणून बोल्ट घातला." ते थांबले. "मंग दिवाळी आली. राहून गेलं."

शेठनी नळी बोल्टाशेजारी ठेवली. नीट, समांतर.

प्रांजलीने तुंबलेली नळी साफ केली. नवा वॉल्व्ह रबरात दाबून बसवला, नवी नळी चढवली, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. सील तिने कालच बदललं होतं. तेल भरलं, गाडी चालू केली, बोनेट पाडलं आणि चालकाच्या बाजूचं दार उघडं धरून उभी राहिली.

"फिरवून आणा, काका."

शेठ उठले. उघड्या दाराकडे न जाता ते गाडीला पुढून वळसा घालून पलीकडे गेले आणि डावीकडच्या, बसंतीबाईंच्या सीटवर बसले. दार ओढून घेतलं. काच वर केली. प्रांजलीने आपल्या बाजूचं दारही लावलं.

इंजिन एका लयीत चालत होतं. काचेआड शेठ ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांची छाती भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली.

मग काच दोन बोटं खाली आली.

"सांडू," ते म्हणाले. "वास न्हाई येत."

सांडू मेस्त्रीने डावा हात उचलून ऐकल्याची खूण केली. काच परत वर गेली. प्रांजलीने बराच वेळ गाडी बंद केली नाही.