न छापता संपणारी शाई

नानाजी जवाई प्रिंटर घेऊन आले तेव्हा रंजीताला पहिली शंका आली ती त्यांच्या डोळ्यांची. एरवी समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणारा माणूस त्या दिवशी सगळं मशीनकडे बघूनच बोलला.

"घरचीच वस्तू हाय," ते मशीनवर हात थोपटत म्हणाले. "बाहेरच्याले देल्ली असती तं दुप्पट घेतले असते. तुम्ही आपले हा म्हणून."

नानाजी म्हणजे रंजीताच्या थोरल्या नणंदेचा नवरा. गोंडपिपरीत तहसील कचेरीसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान. या घरात जवाई आला की खुर्ची पुसली जायची, चहात दूध जास्त पडायचं आणि त्याच्या बोलण्यावर उलट कुणी बोलायचं नाही. सासूबाई, कमळाबाई, तर त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर इकडचा तिकडे होऊ देत नसत.

रंजीता कडेवर छकुलीला घेऊन दारात उभी होती. गावातल्या इंग्रजी शाळेच्या मॅडमनी तिला घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका टाईप करून, छापून द्यायचं काम देऊ केलं होतं. पानामागं दर ठरला होता आणि तो वाढणार नव्हता. नवऱ्याचा, प्रफुलचा, जुना कॉम्प्युटर घरात होता. छापायचं तेवढं अडलं होतं. बी. कॉम. होऊन, लग्न होऊन, लेकरू होऊन पहिल्यांदाच तिच्या हातचा पैसा येणार होता. छकुलीचं तापाचं औषध आणायचं तरी "देता का?" असं विचारावं लागायचं, ते तिला बंद करायचं होतं.

"शाई कितीक पिते, भाऊजी?"

"काईच नाई पीत! माह्या दुकानात एक डबी संपता संपत नाई. फक्त एक हाय, डबी माह्याकडूनच नेजो. बाहेरची टाकशीन तं मशीन बसन."

तिच्या कानाला तेवढंच खटकलं. डबीची किंमत विचारली तर ती मशीनच्या निम्म्याहून जास्त निघाली. जी वस्तू काहीच पीत नाही तिच्या पाण्याची एवढी काळजी कशाला?

"चार दिवस चालवून पाहा, मंग पैसे द्या," म्हणून जवाई गेले. प्रफुल खूश.

"एवढ्या स्वस्तात कोण देते?" तो म्हणाला.

"तेच तर मी विचारते. एवढ्या स्वस्तात काऊन देते?"

"तुले तं देवाचाही शक येते."

"देव शाई विकत नाही."

प्रफुल हसला आणि कृषी केंद्रावर कामाला गेला. रंजीताने मशीन जोडलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर शाईच्या थेंबाचं चित्र आलं, काठोकाठ भरलेलं. एक पान छापून पाहिलं. अक्षर ठसठशीत. त्या पानाला तिने खालून, वरून, उजेडात धरून पाहिलं. खोट सापडली नाही. मग तिने ठरवलं की मॅडमचं काम येईपर्यंत दुसरं पान छापायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेंबातली शाई खाली उतरली होती.

कमळाबाईंनी तोवर मशीनला हळदकुंकू लावून वर जुनं लुगडं पांघरलं होतं. "आई, तुम्ही याचं काही दाबलं का?"

"मी काऊन दाबू? करंट मारते थे! अन् जवाईनं देल्ली वस्तू हाय, तिले का डॉक्टरावानी तपासून राह्यली?"

मग प्रफुलवर संशय. "दुकानाचे भावफलक तर छापून नाही राह्यले ना तुम्ही, माझ्या माघारी?"

"अवो, मी तं दिवसभर बियाणाच्या पोत्यात. मले ते चालू करता तरी येते का?"

रंजीताने कागदाचं पाकीट उचललं आणि गोदरेजच्या कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली. कागदच नाही तर कोण काय छापणार? संध्याकाळी थेंब पाहिला. आणखी खाली. आता तिला मशीन आलं त्या वाटेचाच संशय येऊ लागला. डबी अर्धीच भरली असेल. चित्र खोटं असेल. नाहीतर बुडाला गळत असेल, आणि छकुली रांगत जाऊन ते बोट तोंडात घालेल! तिने मशीन उचलून खालची फळी कोरड्या फडक्याने पुसली. फडकं पांढरंच राहिलं. तरी मशीन उंच टेबलावर गेलं आणि छकुलीचे हात दिवसातून कितीदा तपासले जाऊ लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी लोडशेडिंग होतं. छकुलीला मांडीवर घेऊन ती विंझण्याने वारा घालत बसली होती. लाईट आली. गल्लीत पोरं ओरडली, "आली, आली!" पंखा फिरला, फ्रिजने उसासा टाकला. आणि मशीन कुणी हात न लावता जागं झालं. घर्र, खट, घर्र, घर्र. आतलं काहीतरी इकडून तिकडे धावलं, कुठेतरी चुळकाभर गिळल्यासारखा आवाज झाला आणि ते निपचित पडलं.

"घर्र," छकुली म्हणाली.

रंजीताने कॉम्प्युटर लावला. थेंब सकाळपेक्षा खाली. पुढच्या वेळी लाईट गेली तेव्हा ती मुद्दाम मशीनजवळच बसली. लाईट येताच पुन्हा तेच: घर्र, खट, गिळणं. लाईट आली की मशीन आपलं तोंड धुवून घेत होतं, आणि धुवायला पाणी म्हणून शाईच वापरत होतं. गोंडपिपरीत लाईट दिवसातून किती वेळा जाते-येते, हे कुणाला सांगायला नको होतं. बंद ठेवावं तरी छापायला चालू करावंच लागणार, आणि लाईट छापता छापताच जाणार. मॅडमचं पान छापायच्या आधीच मॅडमचे पैसे आत जाणार होते.

पण जवाईला हे ठाऊक होतं का? रेशन कार्डाची झेरॉक्स काढायच्या निमित्ताने ती छकुलीला घेऊन त्यांच्या दुकानात गेली. बाजारात लाईट नव्हती, अंधारून आलं होतं, सगळ्यांचे पंखे बंद. नानाजींच्या दुकानात मात्र ट्यूबलाईट ढणढणत होती.

"इन्व्हर्टर वाटते, भाऊजी? कधी बसवला?"

"दिवाळीत. त्याच्या आधी तं लय..." नानाजी थांबले. "लय गरम व्हायचं."

गरम नव्हे, लय शाई जायची, हे तिने ओळखलं. तिने झेरॉक्स घेतली आणि परत आली. जवाईला खोटं पाड म्हणजे घरात महाभारत. गप्प राहा म्हणजे जन्मभर डब्या घेत राहा. रात्रभर ती दोन्हीकडून विचार करत होती.

चौथ्या दिवशी जवाई पैसे न्यायला आले. लाईट नव्हती. खुर्ची पुसली गेली, चहा आला. रंजीताने पदर नीट केला.

"भाऊजी, तुमचं मशीन खरंच गुणी हाय. पण इथं लाईटीचा भरवसा नाही, उगाच खराब होईल. तुमच्याच दुकानात राहू द्या. मी टाईप करून फ्लॉपी पाठवते, तुम्ही छापून द्या. मशीन तुमचं, शाई तुमची. मले पानामागं जे मिळते त्यातलं अर्धं तुमचं."

कमळाबाईंचा चेहरा खुलला. "हे तं बेस झालं, जवाईबापू! घरातलं काम घरात. अन् शाई तं ते काई पीतच नाई!"

नानाजींनी बशीतला चहा संपवला. मग रिकाम्या बशीकडेच बघत बसले.

"या मशीनवर नाई परवडत, मामी. पान पान छापलं तं शाईच लय जाते," ते कमळाबाईंना पुटपुटत म्हणाले.

"काऊन? काईच पीत नाई, असं त्या दिशी तं तुम्हीच म्हणले ना?"

कमळाबाईंनी जवाईकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि दुसऱ्या कपासाठी उचललेली केटली खाली ठेवली. एवढ्या वर्षांत जवाईचा दुसरा कप पहिल्यांदाच राहिला.

नानाजींनी या खेपेला पहिल्यांदा मान वर करून रंजीताच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्यांना हसू आलं. "शिकलेल्या पोरीपुढं धंदा करणं म्हणजे तापच हाय! बरं. दुकानात नेऊन या मशीनवर एकच पान काढतो, बाकीची त्याच्यावरून झेरॉक्स. ते परवडते. अर्धं नको, तिसरा हिस्सा देजो."

"पानं मी मोजून नेईन, भाऊजी."

"मोज बाई, मोज."

त्यांनी वायर गुंडाळून मशीन काखेत मारलं. उंबऱ्यापर्यंत गेले तोच पंखा फिरला, गल्लीत पोरं ओरडली. घरातल्या सगळ्यांची नजर एकदम जवाईच्या काखेकडे गेली. मशीन गप्प होतं.

"घर्र," छकुली म्हणाली.