टाकीवरचा नवा दिवा

वेल्डरच्या थोरल्या बहिणीला नातू झाला, त्याच वर्षी तिची काचेची टाकी त्याच्या घरी आली. सुनेच्या बाळंतपणासाठी ती तीन महिने मुलाकडे राहणार होती. टाकीत समुद्रासारखं खारं पाणी, दोन मासे आणि दगडावर वाढलेलं एक जिवंत जांभळं पोवळं. तिच्या नवऱ्याने ते आणलं तेव्हा अंगठ्याएवढं होतं. तो गेला, पोवळं तळहाताएवढं झालं. निघताना ती धाकट्या भावाला म्हणाली, "मासे मेले तर मी रडणार नाही. पोवळं तेवढं सांभाळ."

वेल्डरने चाळीस वर्षं लोखंडाला लोखंड जोडलं होतं. एका दगडावरच्या जिवाचं काय एवढं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्याच आठवड्यात टाकीवरचा जुना दिवा गेला. त्याने दुकानातून नवा आणला. त्याला एक गोल बटण होतं, त्यावर शून्यापासून शंभरापर्यंत आकडे. दुकानदाराने बजावलं, "वीसवर सुरू करा. मग आठवड्याला पाच-पाच वाढवा. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर जगतं आणि पोवळ्याला पोसतं. उजेड एकदम अंगावर आला की पोवळं ते शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मग उपाशी मरतं."

घरी येऊन वेल्डरने दिवा वीसवर लावला. टाकीत त्याला नुसती तिन्हीसांज दिसली. चाळीसवर नेला, साठवर नेला. "दुकानदार भित्रा दिसतोय," तो पुटपुटला. नव्वदवर आल्यावर त्याचं समाधान झालं. आता कसं लख्ख!

त्याची शिंपीण बायको खिडकीपाशी शिवणकाम करत होती. तिने मान वर केली आणि डोळ्यांवर हात धरला. "अहो, टाकी आहे की भट्टी?"

"तुला काय कळतं उजेडातलं?"

"मला कुठलं कळतंय! मी आपली चाचपडतच सुई ओवते."

पाचव्या दिवशी सकाळी तिने चहाच्या कपाशेजारी दोऱ्याची दोन रिळं ठेवली. एक गर्द जांभळं, दुसरं धुऊन धुऊन विटल्यासारखं.

"टाकी आली त्या दिवशी मी काचेला रीळ लावून बघितलं होतं. हाताची सवय हो, रंग दिसला की रीळ लावायचं. तेव्हा हे गर्द जुळलं होतं. आज हे फिकट जुळतंय."

वेल्डर टाकीजवळ गेला. त्याला पोवळं जांभळंच दिसत होतं. मग त्याने दोन्ही रिळं काचेला लावली, बराच वेळ बघितलं, आणि फिकटच जुळतंय हे त्यालाही दिसलं. चाळीस वर्षं ठिणग्यांकडे बघून त्याचे डोळे उजेडाला निबर झाले होते, आणि त्याच डोळ्यांवर भरवसा ठेवून त्याने बटण फिरवलं होतं.

त्याने दिवा ताबडतोब वीसवर आणला.

"वन्संना कळवा," बायको म्हणाली.

"आत्ता? तिकडे बाळंतिणीची गडबड..."

"मग आल्यावर त्यांना स्वतःच दिसू दे. ते जास्त शोभेल."

त्याने फोन लावला. जे केलं ते सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. बहीण म्हणाली, "तुझ्या डोळ्यांवर सोडलं तर तू सूर्यालाही मिणमिणता म्हणशील. आता बटणाला हात लावू नकोस. तुझी बायको सांगेल तेव्हाच लाव."

तेव्हापासून घरात हुकूम शिंपिणीचा. दर सोमवारी ती रिळं घेऊन काचेपाशी बसायची, वेल्डर हात मागे बांधून उभा. "आज नाही," ती म्हणायची. तीन सोमवार असेच गेले. चौथ्या सोमवारी ती म्हणाली, "थांबलंय हो. आणखी फिकं नाही झालं. वाढवा पाच." त्याने बटण असं फिरवलं, जसं झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण ओढतात. सातव्या सोमवारी पोवळ्याच्या कडेला जांभळी रेघ आली. त्या दिवशी वेल्डरने न सांगता भांडी घासली.

तीन महिन्यांनी बहीण आली. चपला काढून सरळ टाकीपुढे बसली. पोवळं मधे अजून फिकट होतं, कडा मात्र गर्द.

"तुला हवं तर बोल मला," वेल्डर म्हणाला.

"बोलते. मी आता मुलाकडेच राहणार आहे. तिथे टाकीला जागा नाही. कुणाच्या हाती द्यावी, तेच बघायला आले."

"मग त्या दुकानदाराला दे. तो माझ्यापेक्षा शहाणा."

"चूक कळली त्याच दिवशी तू फोन केलास. मला तेवढं पुरे." ती भावजयीकडे वळली. "बटण मात्र तुझ्याच ताब्यात ठेव गं."

टाकी तिथेच राहिली. दिवा पंचावन्नवर स्थिरावला, आणि दरवर्षी बहीण पोवळं बघायला येऊन चार दिवस राहू लागली. सहाव्या वर्षी, थंडी सुरू होताना, थोरली बहीण मुलाच्या घरी वारली.